निम्मी शक्ती केबलमध्येच जिरते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हौशी रेडिओविषयी, म्हणजे सगळे ज्याला हॅम रेडिओ म्हणतात त्याविषयी, मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून चांगले लेख येतात. २००१ चा भूजचा भूकंप, २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानातून राखलेला संपर्क, परवान्याची परीक्षा, अवकाश स्थानकाशी बोलणारी शाळकरी मुले, हे सगळे त्यांत असते. परवाना हाती पडल्यावर घरी केंद्र उभे करताना नेमके काय चुकते, ते मात्र क्वचितच छापून येते. चुकते ती रेडिओपासून अँटेनापर्यंत जाणारी कोॲक्सियल केबल, म्हणजे मध्ये तार, तिच्याभोवती प्लॅस्टिकचे इन्सुलेशन, त्यावर धातूची जाळी आणि बाहेर आवरण अशी केबल. नवा परवानाधारक रेडिओ निवडायला महिनेच्या महिने घेतो, अँटेनासाठी दहा जणांना विचारतो आणि केबल मात्र दुकानात उभ्या उभ्या, उरलेल्या पैशांत घेतो. हा क्रम उलटा व्हावा, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी लांबी मोजावी, आणि ती दोरी टाकून मोजावी. सात मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे असे धरू. टेबलापासून बाल्कनीपर्यंत ५ मीटर, बाल्कनीतून गच्चीच्या कठड्यापर्यंत १२, कठड्यापासून खांबापर्यंत ६, खांबावर ४ आणि वळणे, पाणी गळून जाण्यासाठी सोडलेला झोल, पुन्हा कनेक्टर बसवायची वेळ आली तर हाताशी असावी अशी शिल्लक मिळून ३. झाले ३० मीटर. "वीस पुरेल" असे म्हणून आणलेली केबल कठड्याशी संपते, मग मध्ये जोड येतो आणि पहिल्या पावसात पाणी नेमके त्या जोडातूनच आत शिरते.

आता या ३० मीटरचे गणित. केबलमधला ऱ्हास डेसिबलमध्ये सांगतात. १ डेसिबल गेला म्हणजे शक्तीचा पाचवा हिस्सा गेला, ३ म्हणजे निम्मी, ६ म्हणजे पाऊण आणि १० म्हणजे दहातले नऊ भाग गेले. रेडिओची शक्ती ५० वॉट आहे असे धरू. १४५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे शहरातले रिपीटर (ऐकलेला संदेश पुन्हा प्रसारित करणारी केंद्रे) ज्या दोन मीटर बँडवर चालतात तिथे, आरजी-५८ ही बोटाएवढीही जाड नसलेली काळी केबल १०० मीटरला सुमारे २० डेसिबल खाते. ३० मीटरला ६. टेबलावर ५० वॉट निघाले, अँटेनाला साडेबारा पोचले. आरजी-२१३ ही १० मिलिमीटर जाडीची केबल १०० मीटरला साधारण ९ डेसिबल घेते, म्हणजे अँटेनाला २७ वॉट. एलएमआर-४०० तेवढ्याच जाडीची, पण आत फोमचे इन्सुलेशन आणि तांब्याच्या जाळीखाली ॲल्युमिनियमचा पत्रा. तिचा ऱ्हास १०० मीटरला ५ डेसिबल, म्हणून ३५ वॉट वर जातात.

४३५ मेगाहर्ट्झवर हेच गणित अंगावर येते. आरजी-५८ तिथे १०० मीटरला ३६-३७ डेसिबलच्या घरात जाते. आपल्या ३० मीटरमध्ये ११ डेसिबल गेले आणि ५० वॉटमधले जेमतेम ४ वॉट अँटेनाला मिळाले. ५ वॉटचा हातातला संच गच्चीवर नेऊन त्याच अँटेनाला मीटरभर केबलने जोडला, तर तो या ५० वॉटच्या संचापेक्षा जास्त शक्ती फेकेल. आरजी-२१३ ने १६ वॉट पोचतात, एलएमआर-४०० ने २७. ऐकतानाही तेच होते. ४३७.८०० मेगाहर्ट्झवर अवकाश स्थानकाचा रिपीटर ऐकायचा असेल, तर अँटेनाने पकडलेल्या क्षीण संदेशाचे दहातले नऊ भाग भिंतीवरून खाली येतानाच संपतात. टेबलाशी कितीही महागडा प्रवर्धक (ॲम्प्लिफायर) लावला तरी गेलेले परत येत नाही. प्रवर्धक लावायचा तर वर, अँटेनाच्या पायाशी लावावा.

याचा अर्थ आरजी-५८ टाकाऊ आहे असा मुळीच नाही. ७ मेगाहर्ट्झवर तिचा ऱ्हास १०० मीटरला ४ डेसिबलच्या आसपास आहे. ३० मीटरला सव्वा डेसिबल. तिथे जाड केबल घेतली तर फरक पाऊण डेसिबलचा पडतो आणि समोरच्याला तो कानाने कळतही नाही. शिवाय ७ मेगाहर्ट्झवर वातावरणातला आणि शहरातला गोंगाटच इतका असतो की केबलने संदेश आणि गोंगाट दोन्ही सारखेच कमी केले, तरी ऐकू येण्यात फरक पडत नाही. म्हणून ज्यांना फक्त ७ आणि १४ मेगाहर्ट्झचा तारेचा डायपोल (मध्यावर केबल जोडलेला, दोन बाजूंना तारा असलेला अँटेना) टांगायचा आहे, त्यांनी चांगल्या प्रतीची आरजी-५८ बिनधास्त वापरावी. ती हलकी आहे, मीटरला ४० ग्रॅमच्या आसपास. डायपोलच्या मध्यावर लोंबकळणारी आरजी-२१३ मीटरला दीडशे ग्रॅमहून जास्त भरते, १० मीटरला दीड किलो, आणि तेवढ्याने डायपोल मध्येच खाली झुकतो. एका अँटेनासाठी पातळ आणि दुसऱ्यासाठी जाड, अशा दोन केबल टाकणे हाच बऱ्याच घरांत शहाणपणाचा मार्ग आहे.

या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आता. केबल वाईट आहे हे केबल स्वतः सांगत नाही. उलट ती मीटरकडून "सगळे उत्तम" असे वदवून घेते. नव्या केंद्रात सगळ्यांचा भरवसा एसडब्ल्यूआर मीटरवर, म्हणजे अँटेनाकडून किती लहर परत फिरते ते दाखवणाऱ्या मीटरवर, असतो (काहीच परत आले नाही तर १): सुई दीडच्या खाली आली की अँटेना छान जुळला. आता वरची ३० मीटर आरजी-५८ घ्या आणि १४५ मेगाहर्ट्झवर तिच्या गच्चीकडच्या टोकाला काहीच जोडू नका. अँटेना नाहीच. जाणारी लहर वर जाताना ६ डेसिबल घटते, उघड्या टोकावरून पूर्ण परत फिरते आणि खाली येताना आणखी ६ घटते. रेडिओजवळच्या मीटरला परतलेली लहर १२ डेसिबलने कमी दिसते, आणि त्याचा एसडब्ल्यूआर होतो १.७. वाऱ्याने अँटेना मोडून पडला तरी सुई दोनच्या आत! म्हणून जुन्या, पाणी मुरलेल्या केबलवर सगळे अँटेना "फार छान जुळतात". जितका ऱ्हास मोठा, तितका मीटर गोड बोलतो.

याच गोष्टीचा उलटा उपयोग करून केबल तपासता येते आणि त्यासाठी फार मोठे उपकरण लागत नाही. केबलचे पलीकडचे टोक उघडे ठेवायचे आणि अलीकडून नॅनो व्हीएनए या छोट्या मोजणी उपकरणाने किंवा अँटेना ॲनालायझरने मोजायचे. रिटर्न लॉसचा, म्हणजे परतलेली लहर किती डेसिबलने कमी आहे त्याचा, जो आकडा येईल त्याचा निम्मा म्हणजे केबलचा एका दिशेचा ऱ्हास. १२ आला तर ६ डेसिबल, ३ आला तर दीड. ॲनालायझर एसडब्ल्यूआरच दाखवत असेल तर साधारण ९ च्या जवळ आकडा म्हणजे १ डेसिबल, साडेचारच्या जवळ म्हणजे २, ३ म्हणजे ३ डेसिबल. इथे मोठा आकडा ही आनंदाची बातमी आहे. हे मोजमाप रेडिओ पूर्ण शक्तीवर दाबून करू नये. उघड्या टोकावर ५० वॉट सोडणे म्हणजे रेडिओच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरची परीक्षा पाहणे. ॲनालायझर नसेल तर वर ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, शक्ती उष्णतेत जिरवणारा रोध) लावून वॉटमीटरने एकदा रेडिओजवळ आणि एकदा लोडजवळ वाचन घ्यावे. दोन आकड्यांतच उत्तर आहे.

आता दुकान. मुंबईत लॅमिंग्टन रोड असो की पुण्यात बुधवार पेठ, "आरजी-५८ द्या" म्हटले की केबल मिळते, पण त्या नावाने काय मिळेल याची खात्री त्या नावात नाही. हे क्रमांक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याच्या प्रमाणांतून आले. तेव्हा क्रमांकामागे तांबे किती, जाळी किती दाट, आवरण कशाचे हे ठरलेले होते. आज "टाइप" हा शब्द पुढे जोडून केबलवर काहीही छापता येते. म्हणून बंडल घेण्याआधी टोकाचा वीतभर तुकडा मागून घ्यावा आणि तिथेच सोलावा.

आवरण काढले की जाळी दिसते. चांगल्या आरजी-५८ आणि आरजी-२१३ मध्ये जाळी आतल्या प्लॅस्टिकचा जवळपास ९५ टक्के भाग झाकते. जाळीच्या भोकांतून पांढरे पॉलिथिन सहज डोकावत असेल तर ती केबल परत द्यावी. अशा केबलमधून रेडिओ लहरी बाहेर गळतात आणि शेजारच्या चार्जरचा, लिफ्टच्या मोटरचा गोंगाट आत येतो. मग मधली तार पाहावी. आरजी-५८ मध्ये कथिलाचा मुलामा दिलेल्या बारीक १९ तारा असतात, आरजी-२१३ मध्ये तांब्याच्या ७ जाड तारा. कापलेला छेद कानशीने घासून पाहावा: आत लाल तांबे दिसले तर ठीक. वरून तांब्याचा रंग आणि आत पांढरट दिसले तर ती ॲल्युमिनियमवर तांबे चढवलेली तार आहे. खिशात छोटे लोहचुंबक असावे. मधली तार त्याला चिकटली तर आत पोलाद आहे. व्हर्नियर असेल तर बाहेरची जाडी मोजावी, आरजी-५८ ची सुमारे ५ मिलिमीटर आणि आरजी-२१३ ची १०.३.

इथे एक खुलासा केला नाही तर लोक अस्सल माल परत करतील. एलएमआर-४०० ची मधली तार मुळातच ॲल्युमिनियमवर तांबे चढवलेली असते, पावणेतीन मिलिमीटर जाडीची एकच सळई. ती फसवणूक नाही. रेडिओ प्रवाह तारेच्या कातडीतून वाहतो. तांब्यात तो १४५ मेगाहर्ट्झवर काही मायक्रॉन खोल जातो, ३.५ मेगाहर्ट्झवर सुमारे ३५ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. तेवढा तांब्याचा थर तिच्यावर असतो. प्रश्न येतो तो पोलादावर अगदी पातळ तांबे चढवलेल्या टीव्हीच्या केबलमध्ये. तिथे ३.५ आणि ७ मेगाहर्ट्झवर प्रवाह तांब्याचा थर ओलांडून पोलादात उतरतो आणि ऱ्हास वाढतो. उंच फ्रिक्वेन्सीवर हीच केबल चांगली वागते.

दुकानात आणखी एक चाचणी करता येते आणि ती फार कमी लोक करतात. कपॅसिटन्स मोजणारा साधा मल्टिमीटर घ्यावा. बंडलाचे पलीकडचे टोक उघडे, अलीकडे एक प्रोब मधल्या तारेला आणि दुसरा जाळीला. घन पॉलिथिनच्या ५० ओहम केबलला, मग ती आरजी-५८ असो वा आरजी-२१३, मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड यायला हवे. (ओहमचा हा आकडा म्हणजे केबलचा इम्पिडन्स, तो मल्टिमीटरवर दिसत नाही.) १० मीटरचा तुकडा १ नॅनोफॅरड दाखवतो, १०० मीटरचे बंडल १०. एलएमआर-४०० मीटरला ७८ पिकोफॅरडच्या जवळ असते आणि टीव्हीची ७५ ओहमची आरजी-६ सुमारे ५३. म्हणजे एका मोजणीत दोन गोष्टी कळतात: केबल सांगितली तीच आहे का, आणि १०० मीटर म्हणून दिलेले बंडल खरोखर १०० मीटरचे आहे का. मीटरने ९ नॅनोफॅरड दाखवले तर बंडल आपल्यासमोर मोजून घ्यावे. मग मीटर २० मेगाओहमवर फिरवून तीच दोन टोके पुन्हा तपासावीत. काहीही वाचन आले तर आत ओल आहे किंवा टोकाशी जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकला आहे.

सीसीटीव्हीसाठी विकली जाणारी "थ्री प्लस वन" केबल स्वस्त म्हणून काही जण घेतात. ती यासाठी नाही. तिच्यातली कोॲक्स बारीक आणि ७५ ओहमची असते, जाळी विरळ असते आणि शेजारच्या तीन तारा रेडिओच्या काही कामाच्या नसतात.

आरजी-६ चे मात्र वेगळे. ७५ ओहम म्हटल्यावर हौशी मंडळी दचकतात, पण ५० ओहमच्या अँटेनाला ती जोडली तर केबलवरचा एसडब्ल्यूआर दीड होतो आणि त्याने होणारे जादा नुकसान किरकोळ असते. १४५ मेगाहर्ट्झवर तिचा ऱ्हास आरजी-२१३ च्या बरोबरीचा आहे, किंमत मात्र पुष्कळ कमी. अडचण दोन ठिकाणी. तिची जाळी ॲल्युमिनियमची असते आणि तिला डाग (सोल्डर) बसत नाही, म्हणून एफ कनेक्टर कॉम्प्रेशन पक्कडीने दाबूनच बसवावा लागतो आणि पुढे ॲडॉप्टर लागतो. दुसरे म्हणजे घरात वापरायची पांढरी आरजी-६ उन्हासाठी नसते, काही उन्हाळ्यांत तिच्या आवरणाला भेगा पडतात. नुसते ऐकण्यासाठी, उपग्रहांच्या संदेशांसाठी, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी काळ्या आवरणाची आरजी-६ हा प्रामाणिक पर्याय आहे.

केबलच्या "जादुई लांबी"बद्दलही थोडे लिहायला हवे, कारण हा समज अजून पिढी दर पिढी दिला जातो. ७.१ मेगाहर्ट्झची अर्धी तरंगलांबी २१ मीटर, तिला घन पॉलिथिनचा वेगाचा गुणक ०.६६ लावला की १३.९ मीटर, आणि म्हणून केबल १३.९ किंवा त्याच्या पटीतच कापावी, असे सांगितले जाते. अँटेना ५० ओहमला जुळलेला असेल तर लांबीने एसडब्ल्यूआर बदलत नाही. लांबी बदलल्यावर सुई हलत असेल तर त्याचे कारण वेगळे आहे: प्रवाह जाळीच्या बाहेरच्या अंगावरून वाहतो आहे आणि केबल स्वतःच अँटेनाचा भाग बनली आहे. मायक्रोफोनला ओठ लागताच चुरचुरणे, बोलताना शेजाऱ्यांच्या स्पीकरमधून खरखर येणे, केबलला हात लावल्यावर वाचन बदलणे, या सगळ्या त्याच्याच खुणा. यावर इलाज कापाकापीचा नाही, चोकचा, म्हणजे हा बाहेरचा प्रवाह अडवणाऱ्या वेटोळ्याचा, आहे. एफटी-२४० मापाच्या, ३१ क्रमांकाच्या मिश्रणाच्या फेराइट कड्यावर आरजी-५८ चे १० ते १२ वेढे घालून तो चोक डायपोलच्या मध्याशीच बसवावा. कड्याच्या आतले भोक साडेतीन सेंटीमीटरचे असते, आरजी-५८ तिथे मावते. आरजी-२१३ मावत नाही, तिला त्या टोकाला आरजी-५८ चा छोटा तुकडा जोडावा. लांबी मोजून कापायची वेळ येते ती दोन अँटेना एकत्र जोडताना किंवा स्टब (ठरावीक लांबीचा केबलचा तुकडा) बनवताना. एरवी लागेल तेवढी, आणि शक्य तितकी कमी.

चांगली केबल आणूनही केंद्र बिघडते ते कनेक्टरपाशी. पीएल-२५९ हा नेहमीचा कनेक्टर नीट बसवणे हे हाताचे काम आहे आणि ते पुस्तकातून येत नाही, म्हणून मापे देतो. आरजी-२१३ चे बाहेरचे आवरण टोकापासून २८ मिलिमीटर काढायचे, जाळीला पाते न लागू देता. त्याआधी कनेक्टरची फिरती रिंग केबलवर सरकवून ठेवायची. हे विसरले की शेवटी सगळे पुन्हा कापावे लागते. टोकाकडची १६ मिलिमीटर मधली तार पूर्ण उघडी करायची, त्याच्या मागे इन्सुलेशन दीड मिलिमीटर जाळीच्या पुढे राहील असे ठेवायचे, आणि उरलेल्या सुमारे ११ मिलिमीटर जाळीला हलका डाग देऊन ती घट्ट करायची. मग कनेक्टरचे अंग आवरणावर पेच फिरवल्यासारखे चढवायचे. जाळी चार भोकांत दिसू लागली की त्यांतून डाग भरायचा.

इथेच बहुतेकांचे चुकते. २५ वॉटच्या डाग देण्याच्या इस्त्रीने (सोल्डरिंग आयर्नने) हे काम होत नाही. कनेक्टरचे धातूचे अंग उष्णता शोषून घेते, डाग पकडायला मिनिट-दोन मिनिटे लागतात आणि तेवढ्यात आतले पॉलिथिन मऊ होऊन मधली तार एका बाजूला सरकते. ८० ते १०० वॉटची, जाड टोकाची इस्त्री घ्यावी, भोकाभोवतीची चकाकी आधी कानशीने उडवावी, कारण निकेलवर डाग धरत नाही, आणि प्रत्येक भोक काही सेकंदांत उरकावे. मग थंड होऊ द्यावे. फुंकर मारू नये, पाण्यात बुडवू नये, हलवू नये. डाग चमकदार आणि पसरलेला दिसला पाहिजे. मण्यासारखा गोळा होऊन नुसता टेकलेला असेल तर तो आज चालेल आणि मेच्या उन्हात सुटेल. ज्यांना डाग जमत नाही त्यांनी क्रिंप, म्हणजे पक्कडीने दाबून बसवायचे, कनेक्टर घ्यावेत, पण पक्कडीचा साचा बरोबर हवा: आरजी-५८ ला ५.४ मिलिमीटरचा षटकोन, १० मिलिमीटरच्या केबलला १०.९ चा. साध्या पक्कडीने चेपलेला क्रिंप हा क्रिंप नव्हे. आरजी-५८ वर पीएल-२५९ डाग देऊन बसवायचा तर मध्ये रिड्यूसर (कनेक्टरचे भोक लहान करणारी नळी) लागतो, तो कनेक्टरबरोबरच घ्यावा. ४३५ मेगाहर्ट्झसाठी पीएल-२५९ टाळून एन कनेक्टर वापरावा. त्याला रबरी वॉशर असते आणि पाण्यालाही तो चांगला तोंड देतो. ॲडॉप्टरवर ॲडॉप्टर चढवण्याची सवय मात्र सगळ्याच बँडवर वाईट.

पाऊस हा आपल्याकडचा खरा परीक्षक. कोकणात आणि मुंबईत चार महिने पाऊस आणि त्यात खारी हवा. पाणी आवरणातून शिरत नाही, टोकातून शिरते. जाळी दिव्याच्या वातीसारखी ते ओढत खाली नेते, अनेक मीटर. अशा केबलचे टोक सोलले की जाळी चमकण्याऐवजी काळी किंवा हिरवी दिसते आणि डाग घेत नाही. अर्धा-अर्धा मीटर कापत मागे यावे, लख्ख तांबे लागेपर्यंत. लागलेच नाही तर केबल बदलावी. फोमच्या केबलमध्ये पाणी गेले तर ती वाळवून पूर्ववत होईल असे धरू नये.

बाहेरचा प्रत्येक जोड तीन थरांत गुंडाळावा. पहिला साधा पीव्हीसी टेपचा एक थर, म्हणजे पुढे उघडताना कनेक्टर चिकट होत नाही. त्यावर स्वतःतच एकजीव होणारा रबरी टेप, रुंदी निम्मी होईस्तोवर ताणून आणि निम्म्यावर निम्मा चढवत. शेवटी पुन्हा पीव्हीसी टेप, खालून वर गुंडाळलेला. कौलांत जसे वरचे कौल खालच्यावर चढते तशी टेपची कड खाली तोंड करून राहिली पाहिजे, म्हणजे पाणी ओघळून जाते. शेवटचे टोक ताणू नये, ताणलेले टोक उन्हात सुटते. सिलिकॉन लावायचे तर व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे कदापि लावू नये, ते सुकताना जे आम्ल सोडते ते तांब्याला खाते. न्यूट्रल प्रकारचे मागावे. केबल भिंतीत शिरण्याआधी भोकाच्या खाली एक झोल सोडावा आणि भोक बाहेरच्या बाजूला उतरते पाडावे. डायपोलच्या मध्यावर केबलची जाळी आणि तार उघडी फाकवून बांधण्याची पद्धत तर बंदच व्हायला हवी. तिथे डबी आणि कनेक्टर हवाच.

उन्हासाठी आवरण काळे असावे. बांधायला पांढरे नायलॉन टाय नकोत, ते गच्चीवर टिकत नाहीत, काळेच घ्यावेत आणि केबल चेपेल इतके आवळू नयेत. सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीच्या फटीतून केबल चेपून आत घेणे ही फ्लॅटमधली नेहमीची चूक. चेपलेल्या जागी ती ५० ओहमची राहत नाही. त्यापेक्षा खिडकीच्या एका कोपऱ्यातली काच काढून तिथे ॲक्रिलिकची पट्टी बसवावी आणि तिला भोक पाडावे. वळण देताना केबलच्या जाडीच्या दसपटीहून लहान त्रिज्या घेऊ नये. फोमच्या केबलला उन्हात करकचून वळवले तर मधली तार हळूहळू फोम चिरत जाळीकडे सरकते. रोटेटरने अँटेना फिरवायचा असेल तर तिथल्या झोलासाठी सळईच्या तारेची एलएमआर-४०० वापरू नये, ती वाकून वाकून तुटते. तेवढा भाग आरजी-२१३ चा करावा.

विजेबद्दल थोडक्यात: केबल घरात शिरते तिथे जाळी इमारतीच्या अर्थिंगला जाड तारेने जोडावी, गॅस ट्यूबचा अरेस्टर (विजेचा झटका अर्थिंगकडे वळवणारे साधन) बसवावा, आणि मे महिन्यात ढग जमू लागले की केबल रेडिओपासून काढून टोक घराबाहेर ठेवावे. अरेस्टर लावला म्हणून काढायची गरज नाही, असे नाही.

दुकानदारांना विनंती की बंडलावर मधल्या तारेचा धातू, जाळीचे प्रमाण आणि १४५ मेगाहर्ट्झवरचा ऱ्हास एवढ्या तीन गोष्टी लिहून द्याव्यात. गावोगावच्या हौशी रेडिओ क्लबांना विनंती की एक नॅनो व्हीएनए आणि एक क्रिंप पक्कड सभासदांसाठी ठेवावी, आणि १०० मीटरचे अस्सल बंडल आणून तिघा-चौघांत वाटून घ्यावे. सुट्या मीटरपेक्षा ते परवडते आणि मालही एकच राहतो.

आणि ज्यांनी केबल टाकली आहे त्यांनी आजच एक काम करावे. पलीकडचे टोक उघडे ठेवून १४५ मेगाहर्ट्झवरचा रिटर्न लॉस मोजावा, कपॅसिटन्स मोजावा, दोन्ही आकडे तारखेसह कागदाच्या पट्टीवर लिहून ती रेडिओकडच्या टोकाला पारदर्शक टेपने चिकटवावी. दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरला की गच्चीवर जाऊन तेच टोक सोडावे आणि पुन्हा मोजावे. रिटर्न लॉस दोन डेसिबलने वाढलेला दिसला, तर आधी वरच्या कनेक्टरचा टेप उघडून पाहावा.

आपला,
एक परवानाधारक हौशी रेडिओचालक, पुणे